कामाचा फळा कोणाच्या हाती?

दहा-बारा माणसांची कामगार संघटना असो, पतसंस्थेचे कार्यालय असो, छोटे मुद्रणालय असो वा सार्वजनिक ग्रंथालय असो. ‘आता आपणही कामांच्या वाटपासाठी आणि प्रगतीच्या नोंदीसाठी एखादे सॉफ्टवेअर घेऊ या’ असा ठराव अलीकडे जागोजाग येऊ लागला आहे. ठराव आला की दोन आवाज उठतात. पहिला म्हणतो, ‘बाजारात जे गाजलेले आहे ते घ्या. फुकट मिळते आहे, मग चर्चा कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘हे सारे कंपन्यांचे खूळ आहे. आपली वही काय वाईट आहे?’ दोन्ही आवाज प्रामाणिक आहेत, पण दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात. त्या पडद्यावर कोण कोणाकडे पाहणार आहे, आणि तो पडदा कोणाच्या मालकीचा असणार आहे, हा तो प्रश्न होय.

वहीवाल्यांचा समाचार आधी घेऊ, कारण ते आपल्या घरातले आहेत. वही नेहमी कोणा एकाच्या पिशवीत असते. कोणते काम कोणाकडे आहे आणि ते कोठे अडले आहे हे त्या एकालाच ठाऊक असते, आणि हळूहळू त्याच्यावाचून संघटनेचे पान हलेनासे होते. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीच्या कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या सुमारास आपल्याच चळवळीला बजावले होते की, रचना नाही असे म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच. ती लिहिलेली नसते, म्हणून तिला जाबही विचारता येत नाही. आपल्या कार्यालयांत याहून निराळे काय घडते? भाषण करणाऱ्याचे नाव इतिवृत्तात येते. पावत्या जुळवणारी, सभागृहाची परवानगी काढणारी, वर्गणी थकलेल्या सभासदांना चार-चार वेळा दूरध्वनी करणारी कार्यकर्ती मात्र कोठेच नोंदली जात नाही. सर्वांना दिसेल असा कामांचा फळा असणे हे म्हणूनच लोकशाहीचे साधन आहे. त्याला नाक मुरडणाऱ्यांनी आपण नकळत कोणाच्या सत्तेचे रक्षण करतो आहोत याचा विचार करावा.

आता पहिल्या आवाजाकडे वळू. ‘साधन ते साधन, त्यात कसले राजकारण?’ असे विचारणाऱ्यांना या साधनांच्या कुळीची कल्पना नसते. काम मोजण्याच्या आधुनिक शास्त्राचा जनक फ्रेडरिक टेलर. त्याचा ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरील ग्रंथ १९११ साली निघाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील लष्करी कारखान्यातल्या ओतारी कामगारांनी काम बंद केले. घड्याळ घेऊन पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसासमोर काम करण्यास एकाने नकार दिला व त्याला काढून टाकण्यात आले, हे त्याचे निमित्त होते. प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेले. पुढे काही वर्षांतच लष्करी खर्चाच्या मंजुरीत अशा कालमापनाला बंदी घालण्यात आली आणि ती १९४९ पर्यंत टिकली. आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आडव्या पट्ट्यांचा जो तक्ता दिसतो, तो ज्याच्या नावाने ओळखला जातो तो हेन्री गँट या टेलरचाच सहकारी होता.

सत्ता बदलली की साधनाचा स्वभाव आपोआप बदलतो, या भ्रमात समाजवाद्यांनी तरी राहू नये. लेनिन यांनी १९१४ साली टेलर-पद्धतीला यंत्राने माणसावर लादलेली गुलामगिरी म्हटले. आणि १९१८ साली, सत्ता हाती आल्यावर, त्याच पद्धतीचा अभ्यास व वापर करण्याचा आग्रह धरला. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात गँटचे तक्ते रशियन कारखान्यांत पोहोचलेही. भिंतीवरचे चित्र बदलले, पण घड्याळ धरणारा हात कामगाराचा झाला नाही.

याच्या उलट दिशेचे उदाहरण म्हणून जपानकडे बोट दाखवले जाते. आज ट्रेलोसारख्या फळ्यांवर ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’ असे रकाने असतात आणि पत्रिका एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवल्या जातात. ही कल्पना टोयोटा कारखान्यातील ताइइची ओहनो यांच्या ‘कानबान’ पद्धतीवरून आली. कानबान म्हणजे पाटी. पुढच्या टप्प्याने पाटी पाठवल्याखेरीज मागच्या टप्प्याने माल तयार करायचा नाही, हे तिचे मर्म. म्हणजे ही पाटी मुळात मर्यादेची खूण आहे: हात भरलेले असताना नवे काम अंगावर टाकू नका, असे ती सांगते. पण येथेही भाबडेपणा नको. सातोशी कामाता या पत्रकाराने टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबून १९७३ साली जे पुस्तक लिहिले, त्यात सरकत्या पट्ट्याच्या वेगाखाली पिचणाऱ्या माणसांचे चित्र आहे. पाटी तीच होती, पण वेग ठरवण्याचा अधिकार कामगाराकडे नव्हता.

आजच्या बाजारात हा अधिकार कोणाकडे आहे? मायक्रोसॉफ्टने २०२० च्या अखेरीस आपल्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये ‘उत्पादकता गुणांक’ आणला. कोणता कर्मचारी किती ई-मेल पाठवतो, गटसंभाषणात किती भाग घेतो, हे व्यवस्थापकाला नावानिशी पाहता येत होते. गदारोळ झाला, तेव्हा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने नावे काढून टाकली. निषेध झाला नसता तर ती तशीच राहिली असती. पाहणारा नेमका काय पाहत होता, हेही ध्यानात घ्या. ई-मेल मोजता येतात म्हणून मोजायच्या. त्यांतून काम झाले की नाही, हा प्रश्न वेगळाच राहतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणासंदर्भात दाखवून दिले होते की, नियंत्रणासाठी एखादा आकडा धरला की त्या आकड्याचा भरवसाच ढासळतो. कार्यकर्त्याला ‘झाले’ या रकान्यातील पत्रिकांवरून जोखू लागा; तो एका कामाच्या सात पत्रिका करील, आणि ज्या वस्तीत दहा खेपा घातल्यावाचून एक सभासद मिळत नाही त्या वस्तीत पाऊल टाकणार नाही.

राहता राहिला ‘फुकट’चा मुद्दा. ट्रेलो २०११ साली सुरू झाले. २०१७ साली ते अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ४२.५ कोटी डॉलरला घेतले. मग २०१९ मध्ये विनामूल्य योजनेत एका गटाला दहाच फळे, आणि २०२४ मध्ये दहाच माणसे, अशा मर्यादा आल्या. बर्लिनमध्ये जन्मलेले वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. आपल्याच संगणकावर ठेवता येणाऱ्या जिराच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचा आधार अ‍ॅटलासियनने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतला. यात कपटकारस्थान शोधण्याची गरज नाही. मालक आपल्या मालाचे जे करतो तेच येथे झाले. मात्र संघटनेच्या फळ्यावर केवळ कामे नसतात. कोणत्या कारखान्याच्या दारावर कोण जाणार, कोणता सभासद डगमगतो आहे, संपाची तयारी कोठवर आली, हेही त्यावर असते. ही नोंद परक्याच्या गोदामात ठेवण्यापूर्वी चारदा विचार करायला नको काय?

पर्याय आहेत. रेडमाइन २००६ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. वीकॅन आणि कानबोर्ड हे साधे फळेही तसेच मुक्त आहेत. ते आपल्या संगणकावर बसवता येतात आणि त्यांचा मालक उद्या दार लावून घेऊ शकत नाही. पण मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हरचे भाडे द्यावे लागते, नोंदींची दुसरी प्रत रोज काढावी लागते, सुधारित आवृत्ती वेळेवर बसवावी लागते. आणि हे जाणणारा एकच तरुण असेल तर वहीवाल्याच्या जागी आपण संगणकवाला बसवला एवढेच होईल. तेव्हा निदान दोघांना तरी हे शिकवा. तेवढीही ताकद नसेल तर कंपनीचे सॉफ्टवेअर घेण्यात पाप नाही. पण सभासदांची नावे आणि आंदोलनाचे बेत त्यावर चढवू नका.

साधन आणताना अटी घालणे हा कामगार चळवळीचा जुना हक्क आहे. पश्चिम जर्मनीत १९७२ साली झालेल्या कायद्याच्या ८७ व्या कलमाने कामगारांच्या वर्तनावर वा कामगिरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवताना कामगार-परिषदेला निर्णयात वाटा दिला. आपल्याकडे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ साली संगणकीकरणाविषयी करार करून यंत्रांच्या वापरावर मर्यादा घालून घेतल्या. उलट २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात, नोकरीविषयक कारणांसाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा लिहून ठेवली आहे. कायदा मालकाला एवढा मोकळा हात देत असताना, निदान आपल्या कार्यालयात तरी आपण मालकाची रीत चालवू नये.

म्हणून सॉफ्टवेअरचे नाव ठरवण्याआधी सर्वांच्या बैठकीत पुढील अटी मंजूर करून घ्याव्यात. काम पत्रिकेवर लिहिण्याचा आणि ते पुढे सरकवण्याचा अधिकार ते करणाऱ्याचा असावा. ‘चालू’ रकान्यात एका माणसाच्या नावावर तीनहून अधिक कामे नसावीत, आणि ‘हात भरले आहेत’ म्हणणे हा दोष मानू नये. अध्यक्ष आणि सरचिटणीस यांची कामेही त्याच फळ्यावर, त्याच अक्षरांत असावीत. माणसागणिक आकडे काढणारी सोय बंद ठेवावी. बंद करता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर नाकारावे. सर्व नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढून वाचता येतात की नाही, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. आणि मराठीत लिहिता, शोधता येत नसेल, स्वस्त मोबाइलवर उघडत नसेल, तर ते साधन कितीही गाजलेले असो, ते आपले नाही.

या अटी मान्य होतात की नाही, यावरून सॉफ्टवेअरपेक्षा संघटनेचीच परीक्षा होईल. सरचिटणीसांचे काम तीन आठवडे अडकलेले सर्वांना दिसेल, तेव्हा ते फळा बंद करतात की अडचण मांडून मदत मागतात, हे आपण पाहावे; आणि जे दिसेल त्यावर पुढच्या बैठकीत बोलावे.