यजमानपदाची कसोटी बालेवाडीत नव्हे, शिरूर-दौंडमध्ये

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे भरलेल्या सर्वसाधारण सभेत २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला बहाल करण्यात आले. १९३० मध्ये कॅनडातील हॅमिल्टन नगरात प्रारंभ झालेल्या या स्पर्धांची शताब्दी भारतभूमीवर साजरी व्हावी, ही अभिमानाची गोष्ट आहे. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने आपली इच्छा अधिकृतपणे कळविली आहे. अशा वेळी देशातील प्रत्येक मोठ्या नगराच्या मनात यजमानपदाची आकांक्षा जागी होणे स्वाभाविक आहे, आणि पुणेही त्याला अपवाद असणार नाही. म्हणूनच एका मूलभूत प्रश्नाचा विचार आताच व्हावयास हवा. उत्तम यजमान नगर म्हणावे तरी कोणाला?

पुण्याचा अधिकार लहान नाही. किंबहुना भारताच्या ऑलिम्पिक वाटचालीचा उगमच या नगरात झाला. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवात अनवाणी धावणारे शेतकरी तरुण सर दोराबजी टाटा यांनी पाहिले आणि या मातीतील खेळाडू जगाच्या मैदानात उतरू शकतात, असा विश्वास त्यांच्या मनात निर्माण झाला. त्यांच्याच पुढाकाराने १९२० मध्ये अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय चमू गेला. पुढे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये तेथेच राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या आणि ३३ सुवर्णपदकांसह भारत अग्रस्थानी राहिला. २०१३ मध्ये आशियाई मैदानी स्पर्धाही पुण्याने यशस्वीपणे पार पाडल्या.

हा इतिहास गौरवाचा असला तरी केवळ इतिहासाच्या बळावर यजमानपद शोभत नाही. या बाबतीत अमेरिकेतील नगरांचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. पाश्चात्त्यांचे अंधानुकरण नको, हे खरे. परंतु त्यांच्या यशापयशातून बोध घेण्यास कोणाची हरकत असावी?

कोलोराडो राज्यातील डेन्व्हर नगराला १९७६ ची हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा मिळाली होती. मात्र खर्चाचा आणि पर्यावरणाचा प्रश्न उभा राहताच १९७२ मध्ये तेथील मतदारांनी सार्वजनिक निधी देण्यास नकार दिला आणि मिळालेला मान परत करावा लागला. त्याच १९७६ साली उन्हाळी ऑलिम्पिक भरविणाऱ्या कॅनडातील माँट्रियलने भव्यतेचा हव्यास धरला. त्या स्पर्धांचे कर्ज फेडता फेडता २००६ साल उजाडले. दोन आठवड्यांच्या उत्सवाचे ओझे एका संपूर्ण पिढीने वाहिले.

माँट्रियलची ही अवस्था पाहून जगातील नगरे धास्तावली. १९८४ च्या ऑलिम्पिकसाठी अखेर लॉस एंजेलिस हे एकच नगर रिंगणात उरले. त्या नगराने नवे प्रासाद बांधले नाहीत. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये वापरलेले जुने कोलिझियमच मुख्य मैदान ठरले. खेळाडूंची निवासव्यवस्था विद्यापीठांच्या वसतिगृहांत झाली. जी थोडी नवी बांधकामे हवी होती, त्यांचा भार उद्योगांनी उचलला. परिणामी २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक राहिली. त्या शिलकीचा मोठा वाटा एका न्यासाकडे गेला आणि हा न्यास आजही दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलामुलींच्या खेळासाठी खर्च करीत आहे. २०२८ मध्ये तेच नगर तिसऱ्यांदा ऑलिम्पिक भरवीत आहे आणि खेळाडूंसाठी याही वेळी विद्यापीठाचीच वसतिगृहे निवडण्यात आली आहेत. अटलांटानेही १९९६ चे मुख्य स्टेडियम स्पर्धा संपताच बेसबॉलच्या मैदानात रूपांतरित करून ते वीस वर्षे वापरले.

तात्पर्य असे की, जे नगर आहे त्यात भागवते, बांधलेले वापरात ठेवते आणि उरलेले पुढच्या पिढीच्या हाती देते, तेच यजमान म्हणून टिकते.

हाच निकष पुण्याला लावावयाचा तर कसोटीचे स्थान बालेवाडी नव्हे. ती कसोटी जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत घेतली पाहिजे. घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड, ही दोन्ही गावे पुण्यापासून सुमारे सत्तर किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावर आहेत. बालेवाडी तर पुण्याच्या पश्चिम टोकाला. दौंडची मुलगी रेल्वेने पुणे स्थानकावर उतरली, तरी पुढे सारे शहर ओलांडावे लागते. शिरूरला रेल्वे नाही, तेव्हा तेथील मुलाला नगर रस्त्यावरील वाहतूककोंडीतून वाट काढण्यावाचून पर्याय नाही. सकाळी सरावाला जाऊन शाळेच्या वेळेत परत येणे या मुलांना अशक्यच आहे. ज्या संकुलावर सार्वजनिक पैसा खर्च झाला, ते त्यांच्यासाठी केवळ वर्तमानपत्रातील छायाचित्र राहते.

या तालुक्यांत गुणांची वाण आहे काय? मुळीच नाही. गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांचा आखाडा भरतो. बैलगाडा शर्यतींना हजारोंचा जनसमुदाय लोटतो. दौंड हे रेल्वे कामगारांचे आणि राज्य राखीव पोलीस दलाचे गाव. शिस्त आणि कवायत तेथे नवी नाही. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. म्हणजे शरीरसंपदा आहे, खेळाची आवड आहे आणि मनात आणले तर साहाय्य करू शकणारे उद्योगही आहेत.

एवढेच नव्हे, तर यजमानधर्माचा वस्तुपाठही याच गावांत आहे. यात्रा भरते तेव्हा गाव वर्गणी काढते, पाहुण्या मल्लांची बडदास्त ठेवते, पंच नेमते आणि कुस्ती निकाली झाली की इनामाचा रोख हिशेब तेथेच चुकता करते. यात्रेसाठी कोणी कर्जाचा डोंगर उभा करीत नाही. पाहुणे गेल्यावर आखाड्याची माती गावातल्या पोरांसाठी तशीच राहते. लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये जे साधले, त्याचे मर्म आपल्या ग्रामजीवनाला अपरिचित नाही.

यावर कोणी म्हणेल की, आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि तालुक्याचे मैदान यांचा संबंध काय? तो संबंध स्वप्नील कुसाळे याने दाखवून दिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा तरुण राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, बालेवाडीच्या नेमबाजी केंद्रात त्याने सराव केला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक पटकावले. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. खेड्यातील मुलापर्यंत योजना पोहोचली आणि संकुलाचे दार उघडे राहिले, तेव्हा हे यश मिळाले. अशी किती मुले दार न सापडल्याने परत फिरली असतील, याचा विचार कोण करणार?

दुसरा आक्षेप खर्चाचा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत भारताने १०१ पदके जिंकली, तरी जनमानसात स्मरण राहिले ते गैरव्यवहाराच्या आरोपांचे. म्हणून यजमानपदच नको, असे म्हणणे म्हणजे चोराच्या भीतीने घर न बांधण्यासारखे आहे. घर बांधावे, पण त्याचा हिशेब चव्हाट्यावर असावा आणि ते कोणासाठी बांधले, हे आधी ठरावे.

म्हणून पुण्याने यापुढे कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा प्रस्ताव मांडताना काही अटी स्वतःवरच घालून घ्याव्यात. नव्या वास्तूंपूर्वी जुन्या वास्तूंची डागडुजी व्हावी. निवासासाठी विद्यापीठाची आणि महाविद्यालयांची वसतिगृहे वापरावीत. स्पर्धेपूर्वीचा सराव आणि स्पर्धेनंतरचे क्रीडासाहित्य यांत शिरूर, दौंडसारख्या तालुक्यांचा वाटा आधीच लिहून ठेवावा. बालेवाडीत तालुक्यांतील गुणी मुलांसाठी निवासी जागा राखून ठेवाव्यात. तालुका क्रीडासंकुलाची कल्पना राज्यात नवी नाही. तिला प्रशिक्षक आणि नियमित देखभाल यांची जोड मिळाली पाहिजे.

शासनाने हे करावे, इतके म्हणून समाजाचे कर्तव्य संपत नाही. शाळेचे मैदान सायंकाळी उघडे ठेवणे, निवृत्त जवान आणि जुन्या मल्लांना मुलांपर्यंत आणणे, गुणी मुलीच्या प्रवासखर्चाची तजवीज करणे, ही कामे गावातील चार कार्यकर्ते आणि दहा कुटुंबे सहज करू शकतात. त्यासाठी कोणत्याही अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही.

उद्घाटनाची रोषणाई एका रात्रीत विझते आणि पदकतालिका चार वर्षांनी बदलते. पाहुणे परतल्यानंतर दौंडच्या मुलीला धावण्यासाठी पट्टा आणि शिरूरच्या मुलाला मार्गदर्शक मिळाला, तरच पुणे खऱ्या अर्थाने यजमान ठरेल.