फोटो आपला, हक्क कुणाचा?

२०१८च्या जुलैत वसईत पाणी भरले तेव्हा आमच्या शेजारच्या मुलीने एक छायाचित्र मोबाईलवर टिपले. छातीभर पाण्यातून दोन तरुण एका म्हातारीला खांद्यावर घेऊन निघाले होते. आप्तांना धीर यावा म्हणून तिने ते त्यांना पाठवले. तिसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या पहिल्या पानावर ते झळकले. खाली ‘छाया : समाजमाध्यमावरून’ एवढेच. वडिलांनी दूरध्वनी केला तेव्हा उत्तर मिळाले, "फोटो छापून आला, हे काय थोडे झाले?"

दैनिकापेक्षाही आपल्याच मंडळींनी जे तारे तोडले ते मला अधिक बोचले. लोकांच्या दुःखावर पैसे मिळवायचे का, असा सवाल चर्चच्या आवारात चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थांनी केला. का हो, त्या दैनिकाने तो अंक फुकट वाटला होता काय? काढणाऱ्याने मोबदला नाकारला म्हणून व्यापार थांबत नाही. सगळा नफा छापणाऱ्याच्या पदरात पडतो, इतकेच.

शिवाय हक्क म्हणजे केवळ पैसा, हा समजच मुळी चुकीचा आहे. अब्राहम झाप्रूडर हा डॅलसमधील बायकांच्या कपड्यांचा कारखानदार. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या त्याच्या घरगुती कॅमेऱ्यात चित्रित झाली. ‘लाइफ’ साप्ताहिकाने तिचे सर्व हक्क दीड लाख डॉलरला घेतले. पण झाप्रूडरने अट घातली : प्राणघातक गोळी लागल्याच्या क्षणाचे, ३१३ क्रमांकाचे चित्र छापायचे नाही. त्या आठवड्याच्या अंकात ते आले नाही. मिळालेल्या पैशांतले २५ हजार डॉलर त्याने त्याच दिवशी मारल्या गेलेल्या पोलिसाच्या विधवेला दिले. ज्याच्या हाती हक्क असतो त्यालाच असा संयम लादता येतो. १९७५ साली ‘लाइफ’च्या मालकांनी ती फीत एका डॉलरला कुटुंबाला परत केली. पुढे ती सरकारने ताब्यात घेतली आणि १९९९ साली तिची भरपाई ठरली १ कोटी ६० लाख डॉलर. फीत गेली तरी स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, कुटुंबाकडेच राहिला; तो त्यांनी डॅलसच्या एका संग्रहालयाला स्वखुशीने दिला.

आपल्याकडील १९५७चा कायदाही काही दुबळा नाही. छायाचित्र काढताक्षणी हक्क काढणाऱ्याचा होतो. नोंदणीची सक्ती नाही. अपवाद आहेत. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. (लग्नाच्या अल्बमवरून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!) नोकरीचे काम म्हणून काढलेला फोटो सामान्यतः मालकाचा. १९९५च्या ओक्लाहोमा बॉम्बस्फोटानंतर एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र जगभर गाजले, पण न्यायालयाने हक्क कंपनीला दिला.

चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी न्याय्य वापराची मुभा वृत्तपत्रांना आहे, हे खरे. पण अख्खे छायाचित्र पहिल्या पानावर घ्यायचे, नाव गाळायचे आणि मोबदल्याची गोष्टच काढायची नाही, हे कसले न्याय्य?

म्हणून हक्क सरसकट विकू नका. एका अंकापुरती, नावासह छापण्याची परवानगी द्या. ती लेखी द्या. दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, असे तीत लिहा. हक्क विकायचाच असेल तर मुदत आणि प्रदेश दोन्ही नमूद करा. नाही केले तर कायदा मुदत पाच वर्षे आणि प्रदेश भारत धरतो. विकल्यावरही आपले नाव मागण्याचा अधिकार उरतोच. आणि मूळ फाईल कधीही पुसू नका.

पुढच्या पावसाळ्यात तेच छायाचित्र एका जाहिरातफलकावर दिसले. म्हातारीच्या घरच्यांनी दोष दिला तो त्या मुलीला. तिने मूळ छायाचित्राची प्रत जोडून दोन ओळींचे पत्र धाडले, तेव्हा आठवड्याने फलक उतरला. दैनिकाला मात्र तिने अद्याप लिहिलेले नाही. वडील म्हणतात, जाऊ दे.