उगवणे वेगळे, उठणे वेगळे

मागच्या महिन्यात आमच्या शाखेच्या मराठी-उर्दू कविसंमेलनात अकरा जणांनी कविता वाचल्या. त्यातल्या सात कवितांत सुरुवातीला धुके होते आणि शेवटी सूर्य. समाज धुक्यात चाचपडतोय, एक दिवस पहाट होईल, आपण उठू. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी येताना मात्र ते धुके मला खटकत राहिले.

मी कोकणातला. थंडीत आमच्या नदीवर धुके बसते आणि नऊ-साडेनऊला ऊन तापले की आपोआप विरते. कुणालाच काही करावे लागत नाही. तलाकनंतर पोटगीसाठी खेटे घालणाऱ्या बाईपुढची अडचण अशी विरत नाही. तिला अडवणाऱ्याला नाव आहे, पत्ता आहे. त्याला धुके म्हटले की तो सुटला.

मराठीत खरे तर सोय आहे. सूर्य उगवतो, माणूस उठतो. कवितेत आपण दोन्हींची सरमिसळ करतो आणि उठण्याचे काम उगवण्यावर सोपवून मोकळे होतो.

मग फैज यांच्या ‘सुब्ह-ए-आजादी’चे काय, असे कुणी विचारेल. १९४७च्या ऑगस्टवरची ती नज्मही पहाटेचीच. प्रतीकांच्या पडद्याआड कवीची बाजू दिसत नाही, असा आक्षेप अली सरदार जाफरींनी घेतला होता. मला तो पटत नाही. फैज पहाट झाल्यावर लिहितात. हवी होती ती सकाळ ही नव्हे, असे सांगून शेवटी सोबत्यांना पुढे चालायला सांगतात. त्यांचा भरवसा सूर्यावर नाही, पायांवर आहे.

आणि आपले हमीद दलवाई? तेही आधी कथाकारच. ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी १९६५ची. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिलला, सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. सातच बाया! पण तोंडी तलाक, बहुपत्नीत्व ही नावे मागण्यांत स्पष्ट होती. धुके नव्हते.

पुढच्या संमेलनासाठी मी सुचवले, की काय अडवतेय त्याचे नाव कवितेत एकदा तरी घ्या. एका कॉलेजच्या मुलीने विचारले, “चाचा, नाव घेतले तर वाचू देतील का?”

संयोजकांत मीही आहे. तरी लगेच ‘हो’ म्हणता आले नाही.