जून-सांगचे आडनाव

दूरचित्रवाणीवरील मालिकांचा विषय काढला की आमच्या साहित्यिक स्नेह्यांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक स्मित उमटते. मालिका कोरियन असेल आणि तीत नायकाची स्मृती जात असेल, तर ते स्मित अधिकच रुंदावते. अपघात, स्मृतिभ्रंश, दहा वर्षांनी दुसऱ्याच नावाने पुनरागमन, पुढे नायिका आपली सावत्र बहीण असल्याचा संशय आणि अखेरीस अंधत्व. 'विंटर सोनाटा'चे कथानक असे ओळीने सांगितले तर ते हास्यास्पद वाटते, हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या स्मृतिभ्रंशाला सर्वाधिक हसले जाते, तोच या मालिकेतील सर्वांत खरा भाग आहे.

युन सोक-हो यांनी दिग्दर्शित केलेली ही वीस भागांची मालिका २००२ च्या जानेवारी ते मार्च या काळात दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीवर दाखविली गेली. चुनचॉन शहरातील शाळेत जून-सांग नावाचा अबोल मुलगा दाखल होतो. तो गणितात विलक्षण हुशार आहे. पण या गावात तो आला आहे तो आपला बाप शोधायला. त्याची आई, पियानोवादक कांग मी-ही, हिने बापाचे नाव त्याला कधीच सांगितलेले नाही. यू-जिन त्याला येथेच भेटते. बर्फाने आच्छादलेल्या नामी बेटावरची ती झाडांची रांग पुढे पर्यटकांनी तीर्थस्थान करून टाकली, पण तो विषय वेगळा.

मुलाचे आडनाव कांग आहे, म्हणजे आईचे. कोरियन प्रेक्षकाला एवढ्या एका अक्षरातच त्याची सारी कथा कळते. त्या वेळच्या कायद्यानुसार अपत्य बापाचे आडनाव लावी. बाप अज्ञात असेल तर आईचे. प्रत्येक घराची नोंदवही एका कुटुंबप्रमुखाच्या नावे असे आणि तो प्रमुख बहुधा पुरुषच असे. 'होजू' नामक ही व्यवस्था तेथील घटना-न्यायालयाने २००५ साली घटनेशी विसंगत ठरविली व २००८ च्या आरंभी ती संपुष्टात आली. मालिका प्रसारित झाली तेव्हा ती पूर्ण जिवंत होती.

आता अपघाताकडे पाहावे. स्मृती गमावलेल्या मुलाला त्याची आई पूर्वीच्या आठवणी परत मिळवून देत नाही. ती मानसोपचारतज्ज्ञाच्या साहाय्याने त्याच्या मनात नव्या आठवणी रुजविते, त्याला ली मिन-ह्योंग हे नवे नाव देते, आणि चुनचॉनच्या मित्रमंडळींना तो मरण पावल्याचे कळते. अनौरस म्हणून सोसलेले बालपण पुसून टाकावे, ही तिची इच्छा. म्हणजे या कथेत प्रतिष्ठित आडनावाची किंमत स्मृतीने चुकती होते. वैद्यकशास्त्राला हे मान्य होणार नाही. पण समाजशास्त्राला व्हावे.

शाकुंतल शिकविणाऱ्या आमच्या वाचकांना येथे काही आठवेल. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नसतोच. लोकापवादाच्या भयाने तो जाणूनबुजून ओळख नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घातला आणि राजा निर्दोष झाला. विस्मृती ही अशी सोयीची गोष्ट आहे, आणि तिच्या आड बहुधा एक मूल उभे असते, ज्याचा बाप कोण हे सभेत ठरायचे असते. कोरियन मालिकेत शाप नाही, आईने केलेली व्यवस्था आहे. दुसरा भेद याहून मोठा. तेथे अंगठी सापडते, स्मृती परतते आणि पुढे मीलनाची वाट मोकळी होते. येथे मिन-ह्योंगला काहीही आठवत नसताना यू-जिन त्याच्यावर आणि तो तिच्यावर प्रेम करू लागतात. स्मृती परतते ती मात्र संकट घेऊनच, कारण तिच्यासोबत बापाचा प्रश्नही परततो. यू-जिनचा दिवंगत पिताच आपलाही पिता असावा असे जून-सांगला वाटू लागते. खरा पिता निघतो तो यू-जिनचा वाग्दत्त वर सांग-ह्योक याचा. ज्याच्या हातून वधू गेली, तोच भाऊ ठरतो.

दोष पुष्कळ आहेत. उत्तरार्ध रेंगाळतो, गैरसमज एका वाक्याने मिटेल तेथे दोन भाग खर्ची पडतात, आणि छे-रिन ही प्रतिस्पर्धी तरुणी कागदी आहे. आम्हांला सर्वाधिक खटकते ते मी-हीचे चित्रण. मालिका तिला अपराधी ठरवून मोकळी होते. जिला कायद्याने एकटे टाकले, त्या बाईने आणखी काय करायला हवे होते, हा प्रश्न ती विचारीत नाही.

जपानमध्ये एनएचकेने ही मालिका २००३ मध्ये उपग्रह वाहिनीवर व पुढल्या वर्षी मुख्य वाहिनीवर दाखविली. नायक बे योंग-जून तेथे 'योन-सामा' झाला. २००४ च्या नोव्हेंबरात नारिता विमानतळावर हजारो चाहते जमले, त्यांत मध्यमवयीन स्त्रियांचा भरणा होता. त्यांची यथेच्छ टिंगल झाली. हरवलेल्या तारुण्याची हुरहूर, एवढ्यावर विषय मिटविण्यात आला. ज्या देशाने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केले आणि तेथील लोकांना जपानी धर्तीची नावे घ्यायला लावली, त्या देशातल्या गृहिणी एका कोरियन मुलाच्या हिरावलेल्या नावासाठी डोळे पुसत होत्या. त्यांच्या मनात तो इतिहास होता असा आमचा दावा नाही. पण टिंगल करणाऱ्यांच्याही मनात तो नव्हता.

शेवटच्या भागात यू-जिन तीन वर्षांनी परदेशातून परतते. समुद्रातल्या एका बेटावर तिला एक घर दिसते. त्याचा आराखडा कधीकाळी तिनेच रेखाटला होता. बांधणाऱ्याची दृष्टी गेलेली आहे. तो 'कोण आहे?' असे विचारतो आणि उत्तर येण्यापूर्वीच तिला ओळखतो.