हरलेल्या उपसूचना

गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी विद्यार्थी मंडळाची घटना एका संध्याकाळी लिहून काढली. दुसऱ्या एका महाविद्यालयाची छापील घटना समोर होती. नाव बदलले, दोन कलमे गाळली, चहा निवायच्या आत काम झाले. दुसऱ्या दिवशी सभेत ती वाचली आणि हात वर करवून मंजूर करून घेतली. मागच्या बाकावरची प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी उठून विचारत होती, सभेची सूचना मराठीत लागणार की कानडीत? अध्यक्षस्थानी मीच होतो. "वेळ संपली आहे, लेखी द्या," असे सांगून मी तिला खाली बसवले. तिने लेखी काही दिले नाही.

हे आठवले ते परवा वर्गात झालेल्या वादामुळे. एका मित्राचे म्हणणे असे की, आपल्या घटना समितीने ९ डिसेंबर १९४६ पासून २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत नुसता घोळ घातला. अमेरिकेला १७८७ साली चार महिने पुरले! हा आक्षेप जुनाच आहे. घटना समितीतच नझीरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला भरकटलेली समिती म्हणून हिणवले होते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्याला आकड्यांनी उत्तर दिले. अमेरिकेच्या घटनेत कलमे सात, आपल्या घटनेत ३९५. आणि मसुद्यावर सुमारे ७,६३५ उपसूचना आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

मला त्या भाषणातील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. हरी विष्णु कामत, अमरावतीचे पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा अशा सतत अडवणाऱ्या सभासदांचे बाबासाहेबांनी तेथे आभार मानले आहेत. समितीत काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते. मनात आणले असते तर मसुदा काही आठवड्यांत 'हो'च्या गजरात पार पडला असता. तसे झाले नाही. ईश्वराच्या नावाने उद्देशपत्रिका सुरू व्हावी ही कामतांची उपसूचनासुद्धा १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मतास टाकली गेली आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. (देवालाही मते मोजून घ्यावी लागली, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.)

प्रा. शहा तर हरण्यात पटाईत. 'धर्मनिरपेक्ष' आणि 'समाजवादी' हे शब्द घालण्याची त्यांची उपसूचना १९४८ च्या नोव्हेंबरात फेटाळली गेली. १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने हेच शब्द उद्देशपत्रिकेत आले. त्यांची आणखी एक पडलेली उपसूचना आपण सीमाभागातल्यांनी मुद्दाम वाचावी. राज्याच्या सीमा बदलण्याचा प्रस्ताव त्या राज्याच्या विधिमंडळातूनच यावा, असे ते म्हणत होते. समितीने तो अधिकार संसदेकडे ठेवला. विधिमंडळाचे मत फक्त विचारायचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली ती याच तिसऱ्या कलमाच्या आधारे. शहांचे ऐकले असते तर भाषावार राज्ये कदाचित झालीच नसती, हेही खरे. पण प्रश्न तेथे विचारला गेला होता, उत्तर दिले गेले होते आणि दोन्ही छापून ठेवलेले आहे. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, हे ३५० (क) कलम मूळ घटनेत नव्हते. तेही १९५६ साली आले.

मित्राने जपानचे उदाहरण काढले तेव्हा मी जरा अडखळलो. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन लष्करी मुख्यालयातल्या मंडळींनी सुमारे आठवड्याभरात मसुदा लिहिला आणि ती घटना आजवर एका शब्दानेही बदललेली नाही. उलट पाकिस्तानची पहिली घटना समिती सात वर्षे बसली आणि १९५४ साली बरखास्त झाली. म्हणजे वेळेच्या मोजपट्टीने घटनेची किंमत ठरत नाही, हे कबूल. परंतु जपानी माणूस आपल्या घटनेवर बोलू लागला की ती लिहिली कोणी हा वाद अजून निघतोच. आपल्याकडेही समितीचे सभासद प्रौढ मतदानाने निवडलेले नव्हते. प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले होते, आणि त्या विधिमंडळांचा मतदार मर्यादित होता. म्हणूनच मसुदा १९४८ च्या फेब्रुवारीत तयार झाल्यावर आठ महिने लोकांपुढे राहिला, याला महत्त्व आहे. घटना विषयाच्या पेपरात आपण तारखा पाठ करतो. ग्रंथालयात त्या चर्चांचे खंड असतील तर ते कोणी काढून पाहते का, हे विचारायचे धाडस मला होत नाही.

येत्या महिन्यात मंडळाची घटना पुन्हा सभेपुढे येणार आहे. मसुदा मराठीत व कानडीत पंधरा दिवस आधी फलकावर लावावा आणि शेजारी कोरा कागद टाचावा, असे मी सुचवले आहे. आलेली प्रत्येक उपसूचना, पडली तरी, इतिवृत्तात नोंदवायची. ती विद्यार्थिनी आता द्वितीय वर्षाला आहे. तिला मी भेटलो, तर म्हणाली, "आता माझ्याकडे तीन प्रश्न आहेत."