अंग उतरलं, मन मागं राहिलं

वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन केलेली माणसं आता वाडी-वस्तीवरही भेटू लागली आहेत. गुडघे धरलेले, साखर आटोक्यात न येणारी, चार पावलं चाललं की धाप लागणारी ही माणसं पैशांची जुळवाजुळव करून शहरात जातात, ऑपरेशन करून येतात. येताना पथ्याचा कागद हाती असतो. काय खायचं, किती खायचं, कोणती गोळी कधी, सारं त्यावर असतं. मनाचं काय होणार, ते मात्र बहुधा नसतं. तुमच्या घरात असं कुणी असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर आजचं सदर तुमच्यासाठी.

आधी आत काय घडतं ते थोडक्यात पाहू. 'स्लीव्ह' नावाच्या ऑपरेशनात जठराचा पाऊण भाग, किंबहुना थोडा अधिकच, काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी मागं ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं द्रव्य बहुतांशी त्या काढलेल्या भागातच तयार होतं. म्हणून भूक मंदावते. पण खाण्याची आठवण काही जठरात नसते.

आपल्याकडे अन्न म्हणजे नुसतं पोट भरणं थोडंच आहे? रात्रीची पाण्याची पाळी करून आलं की गरम भाकरी, पोळ्याला पुरणपोळी, जत्रेला रस्सा. भावाचा निकाल वाईट लागला तरी खाणं, बाजारात कांद्याला भाव मिळाला तरी खाणं. कित्येक बायांना तर दिवसभराच्या रगाड्यात ताटावर बसण्याची तेवढी दहा मिनिटं स्वतःची असतात. तो सोबतीच एकदम दुरावतो. चार चमचे वरण-भाताला पोट 'बस' म्हणतं आणि समोर सगळं घर जेवत असतं. अशा वेळी 'कशाला हे करून बसले मी!' असं म्हणून रडू आलं, तर घाबरू नका. पहिल्या काही आठवड्यांत हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. ती दहा मिनिटं मात्र दुसऱ्या कशाला तरी द्या. ओट्यावर बसा, बहिणीला फोन करा, बांधावरून एक फेरी मारा. ती रिकामी ठेवलीत तर फरसाण आणि बिस्किटं चोरपावलानं तिथं येऊन बसतात, आणि मऊ-गोड खाणं त्या अरुंद नळीतूनही सहज उतरतं, हे ध्यानात ठेवा.

मग वजनकाट्याचं वेड लागतं. पहिल्या दिवसांत काटा भराभर उतरतो, मन हरखतं. तीन-चार आठवड्यांत एकदा तो अडून बसतो. इतकं कमी खाऊनही काटा हलेना, म्हणजे ऑपरेशन वाया गेलं, असं वाटू लागतं. तसं नसतं. शरीर थबकतं, पुन्हा चालू लागतं. रोज काट्यावर उभं राहू नका, आठवड्यातून एक वार ठरवा. आणि हिशेब आधीच नीट करा. वर्ष-दीड वर्षात साधारणपणे एकूण वजनाचा पाव भाग किंवा त्याहून थोडा जास्त उतरतो. १२० किलोचं माणूस बहुधा ८४ ते ९०च्या आसपास येतं, ५५वर नाही. पुढं त्यातलं थोडं परतही येतं. विहिरीपर्यंत न थांबता जाता येतं का, साखरेच्या गोळ्या कमी झाल्या का, हे बघा. माझ्या मते काट्यापेक्षा ही मापं खरी.

आरशाचं तर विचारूच नका. अंग उतरलेलं असतं, पण मनाला ते पटत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसताना अजून भीती वाटते, एस.टी.त दोघांच्या बाकावर जागा असूनही बाई उभीच राहते, शिंप्याला जुनंच माप सांगते. त्यात कातडी लोंबते, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात. प्रथिनं नीट पोटात गेली तर केस बहुधा परत येतात. एक जुनं पोलकं मात्र जपून ठेवा आणि अधूनमधून घालून बघा.

गावाचं तोंड कोण धरणार? आपल्याकडे माणूस उतरलं की 'काय गं, आजारी होतीस का?' हाच पहिला प्रश्न. ऑपरेशनाचं कळलं तर 'मग काय, आयतंच झालं!' ज्याला त्याला खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही. पण घरच्यांना आणि गावातल्या डॉक्टरांना सांगाच. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी ऑपरेशन झालेल्या पोटात, विशेषतः बायपास झालेल्यांना, अल्सर होतो. दुकानातून परस्पर गोळी घेऊ नका.

सासूबाईंनो, 'एवढंसं खाऊन कशी जगेल?' म्हणून वाढू नका, पण पंगतीतून उठवूही नका. वाटीभर घेऊन तिला सगळ्यांत बसू द्या. आणि दादा, बायको हलकी झाली, बचत गटाला जाऊ लागली, नवं लुगडं मागू लागली, तर मनात किल्मिष आणू नका. ऑपरेशनानंतर काही जोडपी दुरावतात आणि एकट्या माणसांचे नवे संसारही जुळतात, असं स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. तेव्हा मनातलं वेळीच बोला.

पुरुषांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. ऑपरेशनानंतर दारू फार लवकर चढते. जेवणाची जागा बाटलीनं घेतल्याची उदाहरणं आहेत. त्या वाटेला जाऊच नका.

उदासी आठवडेच्या आठवडे हटेना, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर ते पथ्याचा भाग समजून सोसत बसू नका. सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट आहे. डॉक्टरांनाही त्याच आठवड्यात गाठा. बी-१२ आणि लोह कमी पडलं तरी माणूस गळून जातं, मन खचतं; ऑपरेशनानंतर ही उणीव सहज होते, शाकाहारी घरांत तर अधिकच. म्हणून गोळ्या जन्मभर आणि रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील तशी, पण वर्षातून एकदा तरी. सुगीच्या घाईत ती राहून जाते, तेव्हा तारीख आधीच पंचांगावर लिहून ठेवा आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या.