दावतीचा कचरा आणि मोहल्ल्याचा धंदा

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, बाहेरगावचे नातलग मोकळे. म्हणून आमच्यातले बरेच वलीमे, अकीके याच दिवसांत उरकले जातात. दुसऱ्या दिवशी दारात काय उरते? प्लास्टिकचा दस्तरखान, प्लेटा, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांत कालवली गेलेली बिर्याणी. ती धड जनावराला घालता येत नाही, की खताच्या खड्ड्यात टाकता येत नाही.

थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 साली बंदी आली. मग आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेटा आल्या. कचरा तोच!

इस्राफ कुरआनने मना केला आहे (सूरह आराफ, आयत 31), हे आलिम मंडळी सांगतातच. आम्हाला धंद्याची बाजू मांडायची आहे. फेकाऊ प्लेटांचा पैसा दूरच्या कारखान्यात जातो. भाड्याच्या भांड्यांचा पैसा मोहल्ल्यात फिरतो. देगी देणारा, भांडी घासणाऱ्या बाया, कापडी दस्तरखान शिवणारा दर्जी आणि कल्हईवाला. कथिल, नवसागर आणि कापसाचा बोळा एवढ्या सामानावर ज्यांनी संसार केले, त्यांच्यापैकी कित्येकांची मुले आज भट्टी सोडून रिक्षा चालवतात. शिवाय एका मोठ्या ताटात चौघांनी जेवायची जुनी रीत पाळली, तर भांडीही कमी लागतात.

भांडीवाल्यांनाही एक सांगणे आहे. पोचे आलेली, वास मारणारी ताटे देऊ नका. मोजून द्या, मोजून घ्या आणि धुण्याची मजुरी भाड्यातच धरा. यजमान प्लेटांकडे वळतो तो भांडी घासण्याच्या दगदगीला कंटाळून, भाड्याला नव्हे.